रंगाऱ्याची बायको आत गेली

माझी थोरली बहीण वाचकांच्या प्रश्नांना फार मनापासून उत्तरं द्यायची. कुणी फोन करो, कुणी घरी येवो, नाहीतर दुकानात येऊन काउंटरला टेकून विचारो. दुकान म्हणजे औषधांचं दुकान. ताई तिथे नोकरीला होती, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांवर नाव छापून यायला लागलं तरी तिने ती नोकरी सोडली नाही. खोकल्याचं औषध पिशवीत घालता घालता ती सांगायची, की तीनशे वर्षांपूर्वी साध्या माणसांच्या खिडक्यांना काच नसायची, तेल पाजलेला कागद ताणून बसवायचे. मागे रांग वाढायची. मालक आतून ओरडायचे, "बाई, इतिहास संध्याकाळी! आत्ता पेशंट!"

तिची लिहायची जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. तेही डुगडुगणारं. दुपारी जेवणं आटोपली की ती फडकं मारायची, टेबल वाळायची वाट बघायची आणि लिहायला बसायची. अक्षर असं, की मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी. ते फक्त एका माणसाला वाचता यायचं, तिच्या मुलीला.

माझी ही भाची जन्मली तीच बोलत, असं आम्ही म्हणायचो. तिला सगळे टकळीच म्हणत. ती एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढायची. संध्याकाळी घरी आली, की बूट काढायच्या आधी विचारायची, "आज कोणाला मारलंस, आई?" मग आईचे कागद घेऊन टाइप करायला बसायची, आणि टाइप करताना तोंड चालूच. "हा सरदार जिन्यावरून उतरला, पण मागच्या प्रकरणात तू त्याचा पाय मोडला होतास. उडी मारत उतरला का?" ताई चिडायची, कागद हिसकावून घ्यायची आणि निमूट दुरुस्त करायची.

भाओजी या दोघींच्या मध्ये पडायचे नाहीत. ते बसडेपोतून निवृत्त झालेले, शांत माणूस. पण एकदा त्यांनीही बंड केलं होतं. ताईची शेवटची कादंबरी रंगाऱ्यांच्या गल्लीवर होती. जुन्या काळी नीळ भिजवायला माणसाचं शिळं मूत्र वापरत, असं तिच्या वाचनात आलं. ताईला सगळं हाताने करून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिने एक बादली मागच्या गॅलरीत ठेवली आणि भाओजींना सांगितलं, की रोज सकाळी तुमची मदत लागेल. भाओजी पेपर खाली ठेवून म्हणाले, "आयुष्यभर तुला सगळं देत आलो. हे देणार नाही."

टकळी हसून हसून जमिनीवर बसली होती.

शेवटी ताईने सोड्यावर भागवलं. तरी कोपरापर्यंत हात निळे झाले, आणि ते निळेपण काही केल्या उतरेना. दुकानात गिऱ्हाईकं चिठ्ठी पुढे करायची, हात बघायची आणि चिठ्ठी मागे घ्यायची. एक आजोबा कळवळून म्हणाले, "मुली, आधी स्वतःचं बघ गं."

त्या कादंबरीचं मूळ एका दगडी हौदात होतं. शहराबाहेरच्या जुन्या रस्त्याला तो हौद अजून आहे, ट्रकवाले तिथे डबे धुतात. त्याच्या कडेवर झिजलेली अक्षरं आहेत. ताई आणि टकळी एका सुट्टीच्या दिवशी तिथे गेल्या. टकळीने पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल घासली, तेव्हा ओळ उमटली: रंगाऱ्याने मुलीच्या आठवणीसाठी बांधला, पाणी प्या. बस, एवढंच. मुलीचं नाव नाही, वय नाही, आईचा तर उल्लेखच नाही. अक्षरांच्या वळणावरून ताईने काळ ठरवला, आणि इतिहासात त्या सुमाराला तापाची मोठी साथ आली होती हे ठाऊक होतं, आणि ज्या घरात ताप निघेल त्या घराला बाहेरून फळ्या ठोकायचा हुकूम होता, हेही. एवढ्यावर ताईने ती मुलगी उभी केली. नीळ ढवळणारी, बापाशी वाद घालणारी, नदीवर कापड आपटताना मोठमोठ्याने गाणारी. टकळीने ऑफिसच्या जाड कागदावर रंगाऱ्याच्या घराचा आराखडा काढला. चूल कुठे, रांजण कुठे, मुलगी कुठल्या कोपऱ्यात झोपते, सगळं. तो स्वयंपाकघराच्या दाराला टाचणीने लावला होता. आम्ही चहा प्यायला बसलो, की समोर ते घर.

"हिला मारायचं नाही," टकळीने आईला बजावून ठेवलं होतं.

"अगं, दगडावर लिहिलंय."

"आठवणीसाठी लिहिलंय. सासरी गेली असेल. बाप रडका असेल."

हे सगळं चाललं होतं आणि टकळीला थकवा यायला लागला. आधी आम्ही ऑफिसला दोष दिला. मग तिच्या दंडावर, मांडीवर कुठे न आपटता काळेनिळे डाग दिसायला लागले. ताई म्हणाली, "माझ्या बादलीला हात लावलास ना?" टकळी म्हणाली, "हो, लावला असेल." दोघींनी ते खरं मानायचा प्रयत्न केला.

रक्त तपासलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. ताईने ती तिथेच उभ्या उभ्या वाचली. दुसऱ्या कुणाला त्या चिठ्ठीतून काही कळलं नसतं. पण ताईने जन्मभर चिठ्ठ्याच वाचल्या होत्या. कोणतं औषध कशासाठी देतात, ते घेणारी माणसं किती दिवस दुकानात येत राहतात आणि मग कशी यायची थांबतात, हे तिला पाठ होतं. तिने चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि लेकीला म्हणाली, "काही नाही गं, रक्त वाढायची औषधं आहेत."

टकळी तिच्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही.

मग दवाखान्याचे महिने सुरू झाले. उपचारांमध्ये तिची ताकद इतकी खालावली, की कुणाच्या साध्या सर्दीचाही धोका नको म्हणून तिला काचेच्या खोलीत ठेवलं. बाहेर एक खुर्ची आणि भिंतीला फोन. आत तिच्या उशाशी दुसरा फोन. ताई दुकानातून रजा घेऊन त्या खुर्चीत बसायची. फोनवरून बोलायचं, काचेतून बघायचं. ओठ हलताना आधी दिसायचे आणि आवाज मग कानात यायचा. टकळी म्हणायची, "आई, तू डब केलेल्या सिनेमासारखी दिसतेस."

त्यातून ती बाहेर आली. साध्या खोलीत आणलं, खिडकी उघडता यायला लागली. आम्हाला वाटलं, सुटलो. ताईने मालकांना कळवूनही टाकलं, की पुढच्या महिन्यात कामावर येते. आणि मग पुन्हा रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी ताईला आणि भाओजींना बाहेर बोलावून घेतलं. भाओजी खोलीत परत आलेच नाहीत. खाली जाऊन आवारातल्या बाकावर बसून राहिले. ताई मात्र तोंड धुऊन, केस नीट करून आत आली आणि म्हणाली, "डॉक्टर खूश आहेत."

टकळीने विचारलं, "शेवटचं प्रकरण झालं का?"

"होत आलंय."

"वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई कागद घेऊन आली. मी तिथेच मोसंबी सोलत बसले होते. ताईने वाचायला सुरुवात केली. रंगाऱ्याची मुलगी तापाने पडते. रंगारी कापड विकायला परगावी गेलेला, आई नदीवर. तेवढ्यात शिपाई येतात आणि घराला फळ्या ठोकतात. आत ती मुलगी आणि एक म्हातारी मोलकरीण. आई परत येते तर दार बंद. मग ती रोज फळीच्या फटीला तोंड लावून लेकीशी बोलते. आणि एक दिवस हुकूम उठतो, फळ्या निघतात, मुलगी भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत येते. डोळ्यांवर हात धरते, कारण उजेड सहन होत नाही. आई तिला उचलून घेते.

ताईने कागद खाली ठेवले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, किती छान केलं.

टकळी म्हणाली, "हे कोणी लिहिलं?"

"म्हणजे? मीच."

"तू नाही. तुझ्या दुकानात एक बाई उभी असते बघ, पांढरा कोट घालून. सगळ्यांना सांगते, दोन दिवसांत बरं वाटेल हं. तिनं लिहिलंय हे."

ताई हसायला गेली, पण तिचं तोंड वाकडं झालं.

"आई, मला खरं लिहून दाखव. ती कशी जाते ते."

"कशाला गं ते आता?"

"मला कुणी सांगत नाहीये म्हणून."

मग ताईने पर्समधून पेन काढलं. मी उठायला लागले, तर टकळी म्हणाली, "मावशी, बस. मोसंबी दे."

त्यानंतर रोज दुपारी त्या दोघी तेवढंच काम करत. ताई लिहायची, टकळी सांगायची. तापात पाणी कसं लागतं, तर पत्र्यासारखं. चादर जड होते. शेजारच्या खोलीतली माणसं गावाच्या दुसऱ्या टोकाला बोलताहेत असं वाटतं. भीती सगळ्यात जास्त सकाळी वाटते, संध्याकाळी नाही. ताईने मुलीच्या तोंडी निरोपाची चार वाक्यं घातली, ती टकळीने खोडायला लावली. "भाषण नको. तिला बोलायचा कंटाळा आलाय." हे म्हणणारी आमची टकळी! ताई खोडायची. पेन ठेवून दाराबाहेर जायची, परत यायची, पुढे लिहायची.

एका दुपारी टकळी म्हणाली, "तू आईला बाहेर का ठेवलंस?"

"शिपायांनी फळ्या ठोकल्या ना. ती नदीवर होती."

"मग उचकटू दे की एक फळी."

"त्या काळी आत गेलेल्याला परत बाहेर सोडायचे नाहीत, बाळा. आत शिरलं की संपलं."

"मग नको येऊ दे बाहेर."

"याला काही आधार नाही. असं कुठे..."

"आई," ती म्हणाली, "काचेतून मला तू नीट दिसत नव्हतीस. हिच्या आईला आत येऊ दे."

ताईने मान खाली घालून लिहिलं. रंगाऱ्याची बायको कुदळीने फळी उचकटते, आत जाते, आणि शिपाई तिच्या मागे फळी पुन्हा ठोकतात. ती लेकीजवळ जाऊन आडवी होते. दोघी काही बोलत नाहीत. प्रकरण तिथेच संपतं. टकळीने ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आता जमलं. हे मी टाइप केलं असतं."

थोड्याच दिवसांत तिला जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा काचेच्या खोलीत नेलं. ताईला आत जायचं होतं. डॉक्टरीणबाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरून सांगितलं, की तुम्ही आत गेलात तर तिला आणखी संसर्ग होईल आणि वाचायचा उरलेला मार्गही बंद होईल, अजून थोडी आशा आहे. ताई बाहेर थांबली. आशेपोटी थांबली. टकळीला फोन उचलायची ताकद नव्हती, तरी ताई आपला फोन कानाला लावून बोलत राहिली. कशाबद्दल बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही. एका सकाळी आत धावपळ झाली, एका नर्सने पडदा ओढला, आणि पडदा परत उघडला तेव्हा सगळं झालं होतं. मग ताईला आत सोडलं. आता मास्कचीही गरज नव्हती.

कादंबरी पुढे छापून आली. टकळीने टाइप केलेले कागद होतेच; शेवटचं प्रकरण ताईने मला वाचून दाखवलं, ते मी उतरवून घेतलं, आणि मुद्रितंही मीच तपासली. वाचकांनी ती डोक्यावर घेतली, आणि ग्रंथालयाने रविवारी सकाळी वाचकांच्या भेटीचा कार्यक्रम ठरवला. आम्हाला वाटलं ताई नाही म्हणेल. ती तयार झाली. "लोक एवढं वाचतात, तर उत्तर द्यायला नको?" म्हणाली. भाओजी आले नाहीत.

सभागृह भरलं होतं. ताई टेबलामागे बसली, पाण्याचा ग्लास उगाच सरकवत. प्रश्न नेहमीचेच होते. माहिती कुठून मिळवता? भाषा जुनी का नाही वापरत? ताई छान बोलत होती. निळ्या हातांची गोष्ट सांगितली, भाओजींच्या बंडाची सांगितली, लोक पोट धरून हसले. एकाने विचारलं, खरं किती आणि कल्पना किती. ती म्हणाली, "भिंती खऱ्या, दारं खरी, हवामान खरं. माणसं आत नेऊन ठेवायची आणि आपण गप्प बसायचं. मग ती जे करतात ते बहुतेक खरं असतं."

मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. नीटनेटके, हातात पुस्तक, पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या. ते म्हणाले, "तुमच्या संशोधनाबद्दल मला आदर आहे. पण शेवट पटला नाही. रंगाऱ्याची बायको मरण समोर दिसत असताना आत जाते. शिलालेखात आईबद्दल एक शब्द नाही. कुठल्या कागदपत्रात अशी घटना नाही. मग याला पुरावा काय?"

प्रश्न वावगा नव्हता. अशा प्रश्नांवर तर ताई खुलायची. मी तिच्याकडे बघितलं. तिने ग्लास सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पुरावा नाही," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. पुस्तकात तेवढीच एक गोष्ट खोटी आहे. ती माझ्या मुलीने मागितली होती, म्हणून घातली."

गृहस्थ उभेच होते. त्यांना काही कळलं नव्हतं. ताई त्यांच्याकडे बघूनच बोलत राहिली, अगदी हळू, पण माइक समोर होता.

"खरी आई आत गेली नाही. ती बाहेर उभी राहिली. तिला सांगितलं होतं, बाहेर थांबलीस तर मुलगी वाचेल. ती थांबली. मुलगी आत एकटी गेली. असं झालं होतं. पण असं लिहिलं असतं, तर मला त्या मुलीला तोंड दाखवता आलं नसतं."

गृहस्थ हळूच खाली बसले. नंतर मी पाहिलं, ते पुस्तक मांडीवर घेऊन रडत होते. सूत्रसंचालक मुलीने घाईघाईत विचारलं, "आता, पुढचं पुस्तक कधी?" आणि विचारल्यावर स्वतःच कावरीबावरी झाली. ताई तिला समजावल्यासारखं म्हणाली, "माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही गं."

लोकांना वाटलं, विनोद केला. काही जण हसलेसुद्धा.

तिने पुन्हा लिहिलं नाही. दुकानात मात्र जाते. मालक तिला पुढच्या काउंटरवर उभं करत नाहीत, आत साठ्याच्या खोलीत काम देतात, आणि ते तिला बरं पडतं. रविवारी माझ्याकडे येते. भाओजी संध्याकाळी तिला न्यायला येतात, जिना न चढता खालूनच हाक मारतात. दोघांचं आपसात बोलणं कमी झालंय, पण भाजी आणायला आता दोघं बरोबर जातात. पूर्वी कधी गेले नव्हते.

मागच्या रविवारी ती मटार सोलत बसली होती. शेजाऱ्यांनी नवा पोपट आणलाय. त्याने एकदम शेजारणीच्या आवाजात नवऱ्याला हाक मारली, आणि तो बिचारा आंघोळीतून साबणासकट "आलो, आलो" करत गॅलरीत आला. मला हसू आवरेना. ताईही हसली. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आधी हसायची तशी.

आणि मग मधेच थांबली. शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तिच्या हातून काही फुटलंय.

"मी हसले गं," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. पोपट परत हाका मारत होता. ती कितीतरी वेळ रडत राहिली.